शैलाकाकूंची दुसरी सही

न तपासता ‘तपासलं’ म्हणून सही तुम्ही शेवटची कधी केली होती? आठवत नसेल, तर त्या सहीमुळे कुणाचं काही बिघडलं नाही म्हणून. माझ्या एका सहीमुळे जवळजवळ बिघडलं होतं. ती सही शैलाकाकूंच्या वहीत अजून आहे.

शैलाकाकू कुठलीही वस्तू दोनदा देत. ऑकलंडजवळच्या हॅमिल्टनमधल्या त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, परत घेतली, तिला बांधलेली चिठ्ठी मोठ्याने वाचली, मला वाचायला लावली, आणि मग पुन्हा दिली. मला वाटलं, बाईंना विसरायला होतं. आठवडाभरात कळलं की विसरायला होत होतं ते त्यांच्या नवऱ्याला, मधुकाकांना.

काकू इथल्या एका औषधांच्या दुकानात वीस वर्षं फार्मासिस्ट होत्या. एकाने औषध काढायचं, दुसऱ्याने तपासायचं, दोघांनी सही करायची. ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की नोकरी सोडल्यावरही दुसऱ्या सहीशिवाय त्यांना चैन पडत नसे. “एका माणसाचे डोळे दोन असले तरी नजर एकच,” असं त्या म्हणत. काकांच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा त्या भरायच्या आणि मला तपासायला लावायच्या. मी कामावर निघायच्या घाईत असले की म्हणायच्या, “घाई पेशंटला असते गं. आपल्याला नसते.”

त्यांची भीती मी पहिल्यांदा पाहिली ती सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. काका दूध आणायला दुसऱ्या रांगेत गेले आणि परत आलेच नाहीत. काकूंनी आरडाओरडा केला नाही. एका हाताने गळ्यातलं मंगळसूत्र घट्ट धरलं आणि प्रत्येक गाडीच्या मागे वाकून बघत त्या चालत राहिल्या, जणू काका लहान मूल होते आणि लपून बसले होते. चाळीस मिनिटांनी ते दोन गल्ल्या पलीकडच्या डेअरीत सापडले. आपल्याकडे जे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, त्याला इथे डेअरी म्हणतात. मालकाने त्यांना स्टुलावर बसवून आइस्क्रीम दिलं होतं. एका पायात निळी रबरी चप्पल, दुसऱ्यात काळी. काकूंना बघून म्हणाले, “शैला, हा माणूस फार सज्जन आहे. याला पैसे द्यायचे राहिलेत.” काकू हसल्या. घरी येईपर्यंत त्यांचा हात गळ्यावरून खाली आला नाही.

आणि अशा माणसाला घेऊन त्या कॅरेबियन समुद्रातल्या जहाजाच्या सहलीला निघाल्या होत्या.

कारण काकांचं होतं. पुण्यात शाळेत असताना खरखरत्या रेडिओला कान लावून त्यांनी वेस्ट इंडिजमधले सामने ऐकले होते. ब्रिजटाउनचं मैदान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण पॅव्हेलियन कुठे आणि वारा कुठून येतो, हे ते आजही सांगत. सकाळी काय खाल्लं ते मात्र सांगता येत नसे. डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितलं होतं की हे वाढत जाणार. “पुढच्या वर्षी मी यांना मैदानात उभं करीन,” काकू मला म्हणाल्या, “पण हे कुठलं मैदान, ते यांना कळायला हवं ना? म्हणून याच वर्षी.”

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा युनियनचं काम करायचे आणि मी अक्षरं लागायच्या आधी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. जहाजी सहलींचा मला मनापासून राग होता, अजूनही आहे. सकाळी हजारो माणसं एका छोट्या बेटावर ओतायची, संध्याकाळी उचलून न्यायची, आणि मधल्या वेळेतला पैसाही जहाजाच्याच कंपनीने घ्यायचा. हे मी काकूंना पहिल्या दिवशीच ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “बरं, पत्रकबाई. आता वही घे.”

वहीत प्रत्येक बंदराचं एक पान होतं. जहाज धक्क्याला कधी लागणार, धक्क्यापासून मैदान किती लांब, सावली कुठे, स्वच्छतागृह कुठे, काका दमले तर बसायला बाक कुठे. तळाशी दोन चौकोन: ‘केलं’ आणि ‘तपासलं’. पहिल्यात त्यांची सही, दुसऱ्यात माझी. मायामीहून निघायचं, तीन दिवस नुसता समुद्र, आणि पहिलंच बेट बार्बाडोस, तिथलं बंदर ब्रिजटाउन. ब्रिजटाउनचं पान सगळ्यात भरलेलं होतं. त्यावर लाल पेनाने एकच ओळ होती: परत जहाजावर चढण्याची शेवटची वेळ साडेतीन. चारला जहाज सुटणार.

या पानावरून आमचं भांडण झालं. काकूंना जहाजाच्या कंपनीची बस हवी होती, कारण कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपले आपण फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. पण ती बस मैदानावर अर्धाच तास देत होती, बाकी वेळ दुकानं. मी म्हणाले, बेटावरच्या टॅक्सीवाल्याला चार पैसे मिळू द्या, आणि काकांना त्यांचा दिवस मिळू द्या. काकू टॅक्सीला तयार झाल्या, पण दोन वाजता मैदान सोडायचं म्हणून अडून बसल्या. शेवटच्या वेळेच्या दीड तास आधी. मैदान ते धक्का, रस्ता पंधरा मिनिटांचा.

मी चिडले. “काकू, एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, त्यातला एक तास तुम्ही भीतीला देऊन टाकताय. काका माणूस आहेत. वेळेवर पोचवायचं पार्सल नाहीत.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग दोनवर काट मारून त्यांनी तीन लिहिले. मला विजय झाल्यासारखं वाटलं.

त्याच पानावर एक काम माझ्या नावावर होतं: जहाज स्वतःची वेळ पाळतं की बेटाची, हे कंपनीला विचारून खात्री करणे. मी ईमेल पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग इंटरनेटवर कुणा अनोळखी प्रवाशाने लिहिलेलं वाचलं, की जहाज मायामीचीच वेळ ठेवतं, घड्याळ हलवायचं नाही. मी वहीत तेच लिहिलं: ‘घड्याळ हलवायचं नाही.’ आणि खाली, ‘तपासलं’च्या चौकोनात, झोकात सही केली.

ब्रिजटाउनमध्ये त्या दिवशीची दुपार होती, तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. सात वीस झाले होते, मी टोस्ट खात ईमेल चाळत होते. कंपनीचं उत्तर रात्रीच येऊन पडलं होतं. विलंबाबद्दल दिलगिरी होती. त्यांचं जहाज बेटाची वेळ पाळतं, बार्बाडोसच्या आदल्या रात्री सगळी घड्याळं एक तास पुढे करावीत.

ते मी तीनदा वाचलं. मग वहीच्या पानाचा माझ्या फोनमधला फोटो उघडून बघितला. काकूंच्या मनगटावर तीन वाजतील तेव्हा धक्क्यावर चार वाजलेले असतील. जहाज तेव्हा सुटत असेल. त्यांचा मूळचा आकडा, दोन, राहिला असता तर त्या खऱ्या तीनला निघून वेळेत पोचल्या असत्या. तो तास मी काढून घेतला होता. पत्रकाच्या भाषेत भाषण करून.

काकूंचा फोन बंद होता. बेटावर फोन बंद ठेवायचा, रोमिंगचं बिल येतं, हेही वहीत होतं. तपासलं, माझी सही. कंपनीचं ऑकलंडमधलं ऑफिस नऊला उघडणार होतं. परदेशातल्या नंबरावर संगीत वाजत राहिलं. मी उभी होते, तो टोस्ट हातात तसाच होता. मला धक्का दिसत होता, पाहिलेला नसूनही. जहाज लांब जातंय, काकू एका हाताने गळा धरून उभ्या आहेत, आणि काका विचारताहेत, शैला, आपण कुठे आहोत? त्यांच्या गोळ्या जहाजावर. पासपोर्ट जहाजावर. काकू टॅक्सी बघायला चार पावलं वळल्या, की तेवढ्यात काका कुठल्या तरी सज्जन माणसाच्या दुकानाकडे चालू लागलेले.

इथे साडेआठ वाजले. म्हणजे तिथे साडेतीन. त्यानंतरची वीस मिनिटं मी काय केलं, मला सांगता येणार नाही.

आठ पन्नासला मेसेज आला. “दोघे जहाजावर. घड्याळ चुकलं होतं. ऑफिसला जा.”

काय झालं, ते त्या परतल्यावर कळलं. घड्याळं पुढे करण्याची सूचना छापील कागदावर केबिनमध्ये आली होती. ती काकांनी नीट घडी करून खिशात ठेवली होती. संध्याकाळी लाउडस्पीकरवर सांगितलं, तेव्हा काकू त्यांना शोधत जहाजाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. आणि वहीत तर दोन सह्यांनिशी लिहिलेलंच होतं.

मैदानावर स्थानिक संघांचा सामना चालू होता. काका सावलीत बसले होते, हसत. मग खेळाडू आत जायला लागले. काका म्हणाले, “चहाला निघाले. दोन चाळीस.”

काकूंच्या घड्याळात एक चाळीस होते.

“मी ‘हो हो’ म्हणणार होते,” काकूंनी मला सांगितलं. “दिवसभर मी यांना हो हो म्हणत असते. आज रविवार म्हणाले, हो हो. आई येणार म्हणाले, हो हो. तोंड उघडलं आणि थांबले. दुकानात असते तर काय केलं असतं? दोन आकडे जुळले नाहीत, की हातातली बाटली खाली ठेवायची. यांना विचारलं, कशावरून? तर घडाघडा म्हणाले, दहाला सुरू, बाराला जेवण, दोन चाळीसला चहा, इथे असंच असतं. मग मी जाऊन गेटवरच्या माणसाला वेळ विचारली.”

पावणेतीन झाले होते.

टॅक्सी लगेच मिळाली, पण काका उठेनात. चहानंतरचा खेळ बाकी होता आणि तो पाहायला ते साठ वर्षं थांबले होते. काकू ओढत नव्हत्या, रागावत नव्हत्या. त्यांना माहीत होतं की ओढलं तर ते घट्ट बसतील. त्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, “अहो, उरलेला खेळ आपण रेडिओवर ऐकू.”

काका लगेच उठले. रेडिओवर ऐकायचा म्हटल्यावर त्यांना सगळं रीतसर वाटलं.

जहाजाची शिडी चढणारे ते दोघे शेवटचे; त्यांच्या मागे कुणी नव्हतं.

मी माफी मागायला गेले, तेव्हा काकूंनी वही पुढे केली. औषधांच्या दुकानात झालेली चूक लिहून ठेवतात, तशी थोडक्यात टळलेलीही लिहून ठेवतात. का घडलं, कसं कळलं. मी लिहायला बसले. माझा उतावळेपणा, माझा अहंकार, माझी बेजबाबदार वृत्ती, असं अर्धं पान झालं. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि उभी रेघ मारली.

“ही पत्रकाची भाषा नको. तू वाईट आहेस की चांगली, याचा पुढच्या माणसाला काय उपयोग? काय झालं ते लिही.”

मग मी लिहिलं: उत्तर येण्याआधी सही केली. काकूंनी वाचलं आणि खाली स्वतःची सही केली. “पहिली सही माझी होती,” म्हणाल्या. “मीसुद्धा तुला विचारलं नाही, कुणाकडून कळलं म्हणून.”

मी माणसाच्या सन्मानावर तावातावाने बोलणारी. काका पार्सल नाहीत हे मीच बजावलं होतं. पण त्या घरात राहून काका काही बोलले, तर ते खरं असेल का, असा विचार मी एकदाही केला नव्हता. तो काकूंनी केला, परक्या मैदानावर, मनात इतकी भीती असताना. सन्मान म्हणजे काय, हे मला आजवर वाचलेल्या कुठल्या पत्रकात सापडलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्या दोघांनी हॅमिल्टन सोडलं. मुलगा सिडनीला असतो, काका आता एकट्या काकूंना आवरत नव्हते. मी त्यांना गाडीने ऑकलंडच्या विमानतळावर सोडलं. निघण्याआधी काकूंनी वहीचं शेवटचं पान समोर ठेवलं. विमानाची वेळ, गोळ्यांची पिशवी, दोन पासपोर्ट, सिडनीचं घड्याळ दोन तास मागे. मी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली, विमान कंपनीला फोन केला. वीस मिनिटं लागली. काकू दारात उभ्या राहिल्या, घाई कर म्हणाल्या नाहीत.

विमानतळावर काकांनी माझा हात हातात घेतला. मी कोण, हे त्यांना कळत नव्हतं बहुतेक. “पोरी, उशीर झालाय,” म्हणाले. काकूंनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन मोठ्या फलकावर वेळ बघून आले. उशीर झालेला नव्हता. “आहे वेळ, काका,” मी म्हणाले. काकूंचा हात गळ्यावर होता. तो त्यांनी खाली घेतला आणि काकांच्या हातात दिला. वही माझ्याकडे ठेवली.

तुमच्याही घरात, शेजारी, फोनच्या पलीकडे असं कुणीतरी असेल, ज्याला सगळे ‘हो हो’ म्हणतात. आज त्या माणसाला विचारा, किती वाजले. तो जे सांगेल ते नीट ऐका, आणि मग घड्याळ बघा. दोन्ही जुळलं नाही, तर एवढंच करा: एकदा घड्याळही तपासा.