करीच्या दिवशीची फवारणी

साठच्या दशकात मी अमरावतीच्या एका कॉलेजात मेंदू आणि नसा शिकवायचो. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, पुढच्या पेशीवर त्याच्यासाठीच असलेल्या जागी चिकटतं, निरोप पोचला की लगेच त्याचा निकाल लागतो. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायचं नवं औषध अंगात भिनलं की हा निकालच थांबतो. मग निरोपांवर निरोप, लाळ, घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पोरं भराभरा लिहून घ्यायची. काय ऐट होती माझी!

एका पोळ्याला अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या गावी गेलो. दुसरा दिवस करीचा. त्या दिवशी अर्धं गाव पिऊन पडतं, कामाला येतो कोण? आमचा एकच गडी आला, कारण तो पीत नव्हता. सकाळपासून पाठीवर पंप घेऊन फवारत होता.

दुपारी तो बांधावर कोसळला. तोंडातून लाळ, बंडी घामानं चिंब, बोलणं बरळल्यासारखं. जमलेल्या लोकांना मी लांबूनच म्हणालो, "चढली त्याले. पडू द्या, उतरन आपोआप."

त्याची बायको धावत आली. "भाऊ, थे पेले नाईत जी! बुद्धाची दीक्षा घेतली तवापासून दारूले शिवत नाईत."

हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी हसलो. हो, हसलो, आणि घरी जाऊन जेवायला बसलो.

तासाभरानं ती पुन्हा आली आणि तिनं माझा हात धरून मला शेतात ओढत नेलं. "यायच्या डोयात पाहा नं जी!" पाहिलं. बाहुली जवळजवळ नव्हतीच.

बैलगाडीतून त्याला अंजनगावला नेलं. डॉक्टर ॲट्रोपिन टोचत राहिले. पेशीवरच्या त्याच जागा ते अडवून बसतं, हेही मी शिकवायचो. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून असं?"

"आत्ताच," मी म्हणालो. त्याची बायको शेजारीच उभी होती.

तो वाचला. महिन्याभरानं मी गावी गेलो तेव्हा दारात आला. हात अजून थरथरत होते. "भाऊ, आमच्याच वस्तीत लोक म्हणून राहिले, यानं दीक्षा मोडली. तुमी शिकेल माणूस. एक डाव साऱ्यांसमोर सांगा नं, मी पेलो नव्हतो."

सांगितलं असतं तर तासभर मी काय करत होतो, हेही सांगावं लागलं असतं.

"सांगतो," म्हणालो, आणि दुपारच्या बसनं अमरावतीला निघून आलो.