कमळाकरदादांची पहिली ४६

आमचे शेजारी कमळाकरदादा गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवायचे. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर एक स्टूल, दोन ब्रश आणि "बसलेला हात चुकत नाय" हे वाक्य, एवढंच दुकान. त्यांनी धंदा सुरू केला तेव्हा गाडीवर तीन इंग्रजी अक्षरं असायची. मग एमएच आलं आणि आमच्या वाट्याला पेणचा ०६ आला. दादांनी वीस वर्षं ०६ काढला. झोपेतून उठवलं असतं तरी काढला असता. पुढे पनवेलला स्वतःचं आरटीओ ऑफिस मिळालं, नंबर झाला ४६, आणि गावाची मान ताठ झाली.

तेव्हापासून दादा सांगतात, की पनवेलातली पहिली ४६ची प्लेट आपण रंगवली. अबरारच्या रिक्षाची. "एका दमात काढली. पुसायला फडका नाय लागला." हे त्यांनी लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, एकदा मयतीलाही सांगितलं.

आता सगळ्यांना कारखान्यातून आलेली प्लेट सक्तीची झाली. स्टूल घरी आलं. आयुष्यभराचं काम म्हणून दाखवायला दादांना ती एकच प्लेट हवी होती. "भंगारात टाकू नको रं, मला दे," म्हणून ते अबरारच्या मागे लागले.

रविवारी अबरारने ती आणून दिली. दाराच्या वर खिळा दोन दिवस आधीच ठोकलेला होता. प्लेटवर चौदा वर्षांची धूळ आणि ऑइल. दादा चहा सांगायला आत गेले, तेवढ्यात शेजारधर्म म्हणून मी ती पुसायला घेतली. साबणाने निघेना, म्हणून घरातून थिनर आणलं. जरा जास्तच आणलं असेल.

चार पुसट झाला. खाली पिवळ्या रंगाचं ठिगळ निघालं. ठिगळाखाली शून्य, चांगलं गोल आणि ठसठशीत.

दादा बाहेर आले. "कोनी सांगितलं व्हतं पुसायला?"

"दादा, हा ०६ कोणाचा?"

दादांनी प्लेट माझ्या हातातून ओढून घेतली. कान लाल झाले होते.

अबरार म्हणाला, "कमळाकरचाचा, मला तेव्हाच माहीत होतं. एका दमात झाली, तर मला तीनदा चहाला कशाला पाठवलंत? रंग वाळत नव्हता ना?"

"मंग चौदा वर्सं गप का बसलास?"

"पहिली ४६ माझीच, असं मीपण प्रत्येक पॅसेंजरला सांगतो ना, चाचा."

मी काळा रंग आणि ब्रश पुढे केला. "चार परत काढून टाका, दादा. आम्ही कोणाला सांगत नाही." दादांनी ब्रश बाजूला ठेवून प्लेट होती तशीच खिळ्याला लावली.

आता आल्यागेल्याला सांगतात, "०६ आनि ४६ एकाच प्लेटवर! अख्ख्या पनवेलात दुसरी नाय. मुद्दाम तशी केली व्हती."

थिनरचं नाव काढत नाहीत.