स्कॅनरवाल्या वैनी

वैनींकडे गाडी नेली की त्या लगेच बॉनेट उघडत नसत. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या तक्रारी वाचणाऱ्या स्कॅनरची पेटी स्कूटरवर तशीच राही. गॅरेजच्या दारात एक उलटा डबा ओढून त्या बसत आणि ड्रायव्हरला म्हणत, "हं, सांगा."

"सांगायचं काय त्यात? दिवा लागलाय."

"दिवा मला दिसतोय की. लागला तवा कुठं हुता? चढाला का उताराला? गाडीत माणसं किती हुती? आदल्या दिशी गाडीला काय केलं हुतं?"

डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाहीत, असं ड्रायव्हर कुरकुरत म्हणायचे. "डाक्टरला घाई असती," वैनी म्हणायच्या.

त्या भावाच्या बॅटरीच्या दुकानात वायरिंग शिकल्या होत्या. पुढे स्वतःचा स्कॅनर घेतला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजमध्ये तो नव्हता, तिथे बोलावणं येईल तसं स्कूटरवरून जाऊ लागल्या. लहानमोठे सगळेच त्यांना वैनी म्हणत, म्हणून माझ्याही तोंडी तेच बसलं. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाला काही विचारायचं म्हटलं की आपला प्रश्न अडाणीपणाचा तर नाही ना, असं वाटून मी गप्प बसायची. वैनींसमोर ते जमायचं नाही. "त्वांडावर प्रश्न दिसतोय, इचार की," असं त्या सरळ म्हणत.

आमची त्यांची ओळख झाली ती आबांच्या गाडीमुळे. माझ्या वडलांनी, म्हणजे आबांनी, गगनबावड्याच्या रस्त्यावर आयुष्यभर जीप चालवली. मग डावा गुडघा निकामी झाला आणि क्लच दाबणं संपलं. वर्षभर ते घरी बसून होते. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून ती कुणाची हे सांगायचे, एवढंच. शेवटी कुणाची तरी वापरलेली ऑटोमॅटिक कार मिळाली. तिला डाव्या पायाचं काम नव्हतं. गावात चेष्टा झाली. "आबा, गिअर घरात ठिवून आलासा काय?" आबा हसायचे. आमच्या बाजूच्या डायलिसिसच्या पेशंटना ते कोल्हापूरला आणू-नेऊ लागले. ही गाडी गेली असती, तर आबांना चालवता येईल अशी दुसरी गाडी आम्हाला मिळणार नव्हती.

तीच गाडी बिघडली. इंजिनचा पिवळा दिवा लागला, शेजारी घसरत्या गाडीचं चित्र उमटलं आणि गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं. चढावर गिअर बदलताना असा हिसका बसायचा की मागे टेकून बसलेला पेशंट दचकून उठायचा. मग गाडी एकाच गिअरात अडकून रांगत राहायची. बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ ठीक. गॅरेजच्या शेठनी एक फेरी मारली आणि सांगितलं, "गिअरबॉक्स गेलाय, मामा. हिचं सामान आता मिळत न्हाय." त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. हिसका गिअरलाच बसत होता. आबा गुडघा चोळत राहिले. ते बघून शेठच म्हणाले, "थांबा, एकदा वैनींना बोलवूया."

वैनींनी आबांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग स्कॅनर जोडला. पडद्यावर दोन तक्रारी आल्या, एक गिअरबॉक्सची आणि एक इंजिनात जाणारं वारं मोजणाऱ्या सेन्सरची. "दोघं रडत्यात. मारलंय कुणी कुणाला, ते बघू," वैनी म्हणाल्या. त्यांनी आबांना अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. "इंजिन एवढं वरडतंय, आन् हे म्हणतंय वारं आपलं झुळूकभर." मग त्यांनी त्या सेन्सरची पिन चक्क काढून टाकली आणि म्हणाल्या, "आता चालवा."

कात्यायनीच्या बाजूच्या चढावर आम्ही गेलो. दिवे सगळे लागलेले होते, पण हिसका जवळजवळ नव्हता. मला काही कळेना. एक भाग काढून टाकल्यावर गाडी बरी कशी चालते? आणि वाऱ्याचा गिअरशी संबंध काय? वैनींनी आरशातून बघितलं आणि माझा प्रश्न तोंडावाटे बाहेर काढलाच.

"समज, हमालाला सांगितलं, पोतं भुशाचं हाय. तो तसाच हात घालणार. आत निघाला गूळ. हिसका कुणाला?"

"हमालाच्या कमरेला."

"मग कंबर बदलायची का खोटं सांगणाऱ्याला धरायचं? इंजिन किती वारं घेतंय त्यावरनं गिअरला कळतंय, वजन किती वडायचं, किती घट्ट धरायचं. खोटं सांगणारा गप्प बसला की गाडी आपल्या अंदाजानं चालती. अंदाज खोट्यापेक्षा बरा."

त्या सेन्सरमध्ये एक बारीक तापलेली तार असते, हे मी कॉलेजात जाऊन शोधलं. वारं तिला गार करतं. तिला तशीच गरम ठेवायला किती वीज लागली, त्यावरून वारं मोजतात. पुढच्या भेटीत मी हे चाचरत सांगितलं, तर वैनींनी हातातलं काम ठेवलं आणि माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. "म्हंजे चहावर फुंकर मारतो तसंच की. मी एवढी वर्सं ती पुसतोय, पण आत काय चालतंय ते कुणी सांगितलंच न्हवतं." त्यानंतर गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला त्या 'फुंकर' समजावून सांगत सुटल्या.

चढावरून परत आल्यावर त्याच दिवशी त्यांनी सेन्सर स्प्रे मारून साफ केला होता, वाळवला होता, दिवे घालवले होते. गाडी महिनाभर गुणानं चालली आणि मग दाजीपूरच्या फाट्यापाशी पुन्हा तोच हिसका बसला, तेही पेशंट गाडीत असताना. या वेळी आबांचं मनच मोडलं. शेठनी भंगारवाल्याला निरोप दिला आणि आबांनी हो म्हणून टाकलं. माझ्याकडून वैनींना हे फोनवर कळलं, तेव्हा त्यांनी आधी मागच्या वेळी आपण काय काय केलं ते एकेक मोजलं. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. सर्दी पुसली, ती झाली कशानं ते इचारलंच न्हाय. भंगारवाल्याला थांबवा, मी येतो."

रविवारी सकाळी त्या स्कूटरवरून आमच्या गावी आल्या. आईनं चहा दिला. पायरीवर बसून त्या आबांना म्हणाल्या, "मामा, तुमी दर आठवड्याला गाडीचं जे काय करतासा, ते समदं माझ्याम्होरं करा. मी न्हायच असं समजा."

आबा खुशीत आले. त्यांनी काचा पुसल्या, पाणी बघितलं, चाकांवर थापट्या मारल्या. मग एअर फिल्टर काढून झटकला, घरातून तेलाचा डबा आणला आणि फडक्यानं तो फिल्टर मायेनं तेलवू लागले. "जीपचा फिल्टर तेलातच बसायचा," ते सांगत होते. "धूळ तेलाला चिकटती, आत जात न्हाय. एकदा इसरलो तर उस्तादानं कानफटात दिली हुती." मी वैनींकडे बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला होता. ते तेल वाऱ्याबरोबर उडून त्या तारेवर बसत होतं. तेलाचं पांघरूण घेतलेल्या तारेला फुंकर कशी लागणार?

वैनींनी विचारलं, "जीपचं इंजिन कवा खोलावं लागलं?"

"एकदाबी न्हाय."

"लागणार न्हायच. तिला तेल पाजायचा ते बराबरच हुतं. हिचा फिल्टर कागदाचा हाय, मामा. हिला कोरडंच मानवतंय."

आबांच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हंजे हे मीच केलं व्हय?"

मला वाटलं, वैनी काहीतरी सांभाळून घेतील. त्या म्हणाल्या, "व्हय." आणि पुढे, "पण बेफिकीर माणसाच्या गाडीला हे झालं नसतं."

आबांनी डब्याचं झाकण लावलं. नवा फिल्टर आला, तार पुन्हा साफ झाली. त्यानंतर गिअर हिसकला नाही. भंगारवाल्याला आबांनी स्वतः फोन करून नको म्हटलं आणि पेशंटना डायलिसिसच्या येत्या वाराला तयार राहा म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी वैनींच्या मिस्टरांची कोकणात बदली झाली. सामानाचा टेम्पो पुढे गेला आणि वैनींना पोचवायला आबा हट्टानं निघाले. मीही बरोबर होते, पुढे आबांच्या शेजारी. मला वैनींना खूप विचारायचं होतं. तिकडे खाऱ्या हवेत तारांचं काय होत असेल, तिथले ड्रायव्हर त्यांना सांगतील का, असलं बरंच काही. कळे गावापर्यंत त्या पुढच्या सीटकडे वाकून आबांशी बोलत होत्या. गगनबावडा गेलं, करूळ घाटाची वळणं सुरू झाली, गाडी उताराला एकेक गिअर खाली घेत निघाली. मी मागे वळले, तर वैनी सीटवर मान टाकून गाढ झोपल्या होत्या आणि उघड्या खिडकीतून घाटाचं वारं त्यांच्या तोंडावर येत होतं.

"वैनी," मी हळूच म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "झोपू दे त्यास्नी. त्यांच्या बाजूची काच तेवढी वर घे."