दोनदा थोपटलं की सोडायचं

माझ्या ताईला तिच्या नवऱ्यानं तीस वर्षांत किती वेळा जमिनीवर आपटलं याची मोजदाद नाही, आणि दर वेळी बघणाऱ्यांनी टाळ्याच वाजवल्या. भाऊजी स्वसंरक्षणाचे वर्ग घ्यायचे. सायकलच्या दुकानाच्या वर लांबलचक हॉल, निळ्या मॅट, खिडकीत वाळत घातलेले पांढरे पोशाख. सगळे त्यांना सर म्हणत. चारचौघांत ताईसुद्धा सरच म्हणायची. नवा डाव दाखवायचा असला की ते नुसती मान हलवायचे आणि ताई हातातलं काम टाकून मॅटवर उभी राहायची. कधी त्यांनी तिचा गळा धरायचा, कधी तिनं त्यांचा. मी तिला विचारायचे, "तुझं लग्न झालंय की तुला नोकरी लागलीये?" ती हसायची आणि मॅट पुसायला घ्यायची.

सरांचं शिकवणं साधं होतं. डाव निवडण्याआधी समोरचा माणूस बघायचा. पळता येत असेल तर पळायचं, ओरडून भागत असेल तर ओरडायचं. हात उचलायचाच झाला, तर सगळ्यात लहान डाव आधी. दारुड्याला नुसतं ढकलून बाजूला व्हायचं. पिशवी ओढणाऱ्याला पिशवी देऊन टाकायची. गळ्यावर हात आला तर मात्र दयामाया नाही. करंगळी धरायची आणि उलटी मोडायची, कारण माणूस कितीही दांडगा असला तरी त्याची करंगळी ही करंगळीच असते.

एकदा मागच्या रांगेतल्या एका नर्सनं विचारलं, "सर, आणि घरचाच माणूस असला तर?" सर म्हणाले, "तो तास पुढच्या आठवड्यात घेऊ." तो तास कधी झालाच नाही.

एक नियम मात्र सगळ्या डावांच्या वरचा होता. जोडीदारानं दोनदा थोपटलं, तुमच्या अंगावर, मॅटवर, कुठेही, की त्या क्षणी हात सोडायचा. त्याला पुरे झालं, एवढाच त्याचा अर्थ. सोडायला ज्यानं उशीर केला तो उरलेला तास बाहेर जिन्यावर. स्वतःच्या लेकीलाही, म्हणजे माझ्या भाचीला, त्यांनी आठवीत असताना असंच जिन्यावर उभं केलं होतं. ती अजून त्यावरून कुरकुरते.

अडुसष्टाव्या वर्षी ते विसरायला लागले. आधी डावांची नावं, मग विद्यार्थ्यांची, मग हॉलचा रस्ता. हॉल बंद झाला. विसरले नाहीत ते फक्त त्यांचे हात. ताई मागून औषध घेऊन आली की ते गर्रकन वळून तिचं मनगट पकडायचे. मनगट सोडवणं ताईला झोपेतही जमलं असतं. पण भाऊजी म्हणजे काही नाक्यावरचे टोळभैरव नव्हते. ती एक डाव टाकायची, ते त्यावरचा टाकायचे. तिला येत होतं ते सगळं त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे प्रत्येकाची तोडही त्यांच्याच हातात.

एका दुपारी ती त्यांच्या चपला उचलायला वाकली आणि मागून त्यांचा हात तिच्या गळ्याभोवती आला. "कोण तू? माझी बायको कुठाय?" ताईला अंधारी आली. आणि तीस वर्षांची सवय ती सवय, समोरचा माणूस तिनं बघितलाच नाही. करंगळी धरली आणि उलटी मोडली.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. तो एक्स-रेही मीच काढला. भाऊजी टेबलाशी बसले होते, चांगला हात ताईच्या हातात देऊन. "फार दुखतंय गं. कोणी केलं हे?"

"मी केलं," ताई म्हणाली.

"छे. तू कशी करशील?"

मी काचेआड जाऊन बटण दाबलं आणि तिथेच जरा जास्त वेळ उभी राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

डॉक्टरांनी ताईच्या गळ्यावरचे वळ बघितले आणि भाऊजींना अशा रुग्णांच्या संस्थेत ठेवा म्हणाले, नाहीतर दोघांपैकी एक जण जाईल. भाचीही फोनवर तेच म्हणाली. मीही तेच म्हणाले, खोटं कशाला बोलू. ताई आमच्यावर उखडली. "माणूस आधीच हरवत चाललाय. त्याचं घरही काढून घेता?" शेवटी भाचीनं महिन्याची मुदत दिली. "मावशी, तू लक्ष ठेव. आईच्या अंगावर पुन्हा वळ दिसला तर मी येऊन बाबांना घेऊन जाणार."

त्या महिन्यात शेजारणीला तासभर त्यांच्यापाशी बसवून ताई रोज माझ्याकडे यायची. स्वयंपाकघरातली खुर्ची बाजूला सारायची आणि पाठ करून उभी राहायची. "धर गळा." मी धरायचे. कोपर मारलं तर? बरगडी मोडेल. टाचेनं पाय चेचला तर? शुगर आहे त्यांना, जखम भरायची नाही. खांद्यावरून टाकलं तर कमरेचं हाड जाईल. अंग ढिलं सोडून पाहिलं, तर ती स्वतःच म्हणाली, "समोरचा ढिला पडला तरी फसू नका, असं शिकवायचे ते." एक दिवस ती फरशीवर बसली ती उठेचना.

"एवढ्या सगळ्या विद्येत एक डाव नाही? मी सुटेन आणि त्यांना काही होणार नाही, असा एक?"

मला त्या न झालेल्या तासाचा भयंकर राग आला. काय मोठे सर! रस्त्यावरच्या सगळ्या चोरांवर उपाय सांगितला आणि बायकोला मात्र वाऱ्यावर सोडलं. पण ते ताईला कुठल्या तोंडानं सांगणार? मीही तिच्याशेजारी फरशीवर बसले.

महिना संपायला चार दिवस होते. न्हाणीघराच्या दारात पुन्हा तो हात आला. ताईचा हात आपसूक त्यांच्या करंगळीकडे गेला, बोटाच्या पट्टीला लागला आणि तिनं तो काढून घेतला. आता निवडायला काहीच उरलं नव्हतं. मरायचं तर मरू, म्हणून तिनं अंग टाकलं आणि त्यांच्या हातावर दोनदा थोपटलं.

हात त्या क्षणी सुटला. भाऊजी एक पाऊल मागे सरले. "लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं, हॉलमध्ये सगळ्यांना विचारायचे तसंच.

ताईनं मला फोन केला तेव्हा तिला धड हसताही येत नव्हतं आणि रडताही. "अगं, हा डावच नव्हे. ही तर हरल्याची खूण."

त्या खुणेवर तिनं त्यांना चौदा महिने घरात ठेवलं. दिवसातून दहा-दहा वेळा हरायची, आणि तिच्या अंगावर पुन्हा वळ उठला नाही. मग ओल्या फरशीवर पाय घसरला आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तोही एक्स-रे मीच काढला. भाऊजींना संस्थेत न्यावं लागलं. जागा स्वच्छ, माणसं बरी. त्यांना मी दूषण देणार नाही.

अकराव्या दिवशी ताई हट्टानं वॉकर टेकत माझ्याबरोबर निघाली. आम्ही खोलीत गेलो तेव्हा त्यांची दाढी चालली होती. एका अटेंडंटनं मागून त्यांना कवेत घट्ट धरलं होतं, दुसरा वस्तरा चालवत होता. भाऊजींचा उजवा पंजा तेवढा मोकळा होता. तो धरणाऱ्याच्या हातावर थोपटत होता. दोनदा. मग थांबून पुन्हा दोनदा.

"सोडा त्यांना," ताई म्हणाली.

"आजी, दोनच मिनिटं. झालीच दाढी."

"सोडा. थोपटलंय त्यांनी."

अटेंडंटनं हाताकडे बघितलं. "हे होय? हे तर रोजच करतात, आल्या दिवसापासून. आम्हाला वाटलं, शाबासकी देतात."

अकरा दिवस हा माणूस पुरे म्हणत होता आणि कोणी सोडत नव्हतं.  ताई ताठ उभी होती. "दोघंही बाहेर," ती म्हणाली. "जिन्यावर जाऊन उभे राहा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बोट केलं. ते गेले.

अर्ध्या गालाला फेस लागलेला, तसेच भाऊजी ताईकडे बघत राहिले. ओळख पटली नाही. "बाई, ह्यांना नियम माहीत नाही का?"

"नव्हता, सर," ताई म्हणाली. "आता सांगते."

ताईला एकटीनं त्यांना घरी आणणं आता जमण्यासारखं नाही, ते तिला कळून चुकलंय. तिथली माणसं दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात. नवा कोणी आला की ताई वॉकर टेकत जाते, त्याच्याकडे पाठ करून उभी राहते आणि त्याला आपला गळा धरायला लावते. मग दोनदा थोपटते. सोडायला उशीर केला, तर तो जिन्यावर.