झेंडूच्या पाटीतले फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी साधी बिडीसुद्धा कधी लपवू शकलो नाही. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. ऐका, एवढंच.

पंचवटीत माझा गाण्याचा क्लास आहे. स्वभाव पहिल्यापासून संशयी. दोन विद्यार्थी हळू आवाजात बोलले की ते माझ्याबद्दलच, असं मी धरून चालायचो. कुणी क्लास सोडला की त्याला कुणी फितवलं ते शोधत बसायचो.

वैशाली माझ्याकडे आठव्या वर्षी आली. मखमलाबादला फुलशेती करणाऱ्या पुंजाभाऊंची मुलगी. वडील भजनात गायचे, गळा त्यांचाच. पण श्वास कुठे घ्यायचा, सूर कुठे सोडायचा — ते माझं. बारा वर्षं शिकवलं तिला. मग ती टीव्हीवरच्या त्या स्पर्धेत निवडली गेली, जिथे एकेका राज्याचा एकेक गायक असायचा आणि लोक मोबाईलवरून मतं पाठवायचे. वैशाली महाराष्ट्राकडून! नाशिकात चौकाचौकात तिचे फलक लागले. पोरगी शेवटच्या चौघांत पोचली.

त्या आठवड्यात तिच्यावर एक छोटी फिल्म दाखवली. शेत, झेंडू, आई, टाळ वाजवणारे पुंजाभाऊ. "गाणं मी वडिलांच्या भजनात शिकले," ती म्हणाली. आणि पुढे — काही नाही. माझं नाव नाही. क्लासातली पोरं माझ्याकडे बघत होती, की मलाच तसं वाटलं? मग एकेक आठवायला लागलं. मुंबईहून फोन करते तेव्हा घाईत का असते? निघताना माझ्या पाया पडली, पण सगळ्यांच्या शेवटी का? तिथे कुणी मोठे गुरू भेटले असतील, त्यांनीच सांगितलं असेल, गावाकडच्या मास्तरचं नाव घेऊ नकोस. दोन दिवसांत मी तिच्या नावाने अख्खा कट रचून मोकळा झालो.

मतदान शेवटच्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत होतं. दसऱ्याचा आदला दिवस. सगळं मखमलाबाद झेंडू तोडायला शेतात. सात वाजता पुंजाभाऊ माझ्या दारात, हातात फुलांची पाटी. पाटीत फोन. भाऊबंदांचे, शेजाऱ्यांचे, तोडणीला आलेल्या बायकांचे — चाळीसेक. प्रत्येकाला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधलेली.

"सर, आम्हाला ते मेसेज-बिसेज जमत नाय. आन् आज हात बी मोकळा नाय कोनाचा. तुम्हीच करा. तुमचीच पोरगी हाय."

तुमचीच पोरगी. मला तो टोमणा वाटला. खरंच वाटला.

एका फोनवरून दहा मतं देता यायची. वैशालीचा मतदानाचा क्रमांक चार, चौघांतल्या आसामच्या मुलाचा सात. मी — मी दार लावून घेतलं. पहिल्या फोनवर सात दाबलं. म्हटलं, एकच. मग दुसरा फोन उचलला. दहा वाजेपर्यंत मी सात दाबत होतो, आणि चॅनलकडून मताच्या आभाराचे मेसेज येतील तसे पुसत होतो. अंगठा दुखायला लागला. राग होता म्हणू? तीन तास कुठला राग टिकतो?

वैशाली चौथी आली. चाळीस फोनांनी देशाचा निकाल फिरतो का? ते विचारायचा अधिकार मला नाही. गावात एकच बोलणं — चॅनलवाल्यांनी घोळ केला. सर्वांत मोठ्याने मी बोललो. निषेधाच्या पत्राचा मजकूरही मीच लिहिला.

परतल्यावर ती घरी जायच्या आधी क्लासवर आली. "सर, मी तुमच्याबद्दल किती बोलले होते, त्यांनी सगळं कापलं. भांडले, तर म्हणाले, बाप-लेकच छान दिसतात. तुम्हाला वाईट वाटलं असेल ना?" आणि मग — "आपली मतं गेली होती ना सर, सगळी?"

"गेली होती," मी म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं.

"मग तिथेच खोटं आहे सगळं."

पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या स्पर्धेचं बोलावणं आलं. जाऊ का, म्हणून विचारायला आली. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, तुझं तू ठरव. ती गेली नाही. लग्न होऊन कळवणला गेली, आणि गाणं थांबलं.

यंदा जूनमध्ये ती सात वर्षांच्या लेकीला घेऊन आली. दर रविवारी कळवणहून एसटीने आणणार म्हणाली. जवळ क्लास नाहीत का, मी विचारलं.

"आहेत की. पण सर, माणसांचा भरवसा उरला नाही मला. तुमच्याशिवाय कुणाकडे सोपवणार हिला?"

मी सतरंजी अंथरली. पोरीला समोर बसवलं, आणि म्हटलं, लाव सा.