दोन ठिपक्यांमधले अंतर

सुमतीअक्कांची आणि माझी पहिली भेट इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसच्या दारात झाली. सुरक्षारक्षक त्यांना आत सोडायला तयार नव्हता. सॉफ्टवेअर शिकवायला येणारी माणसे लॅपटॉप घेऊन येतात, एवढे त्याला ठाऊक. अक्कांच्या काखेत पुठ्ठे होते आणि पिशवीत रांगोळीचे डबे. दसऱ्याच्या सजावटीला अजून अवकाश आहे, असे तो त्यांना समजावत होता. मी शेजारीच फोनवर सासूबाईंना बाळ झोपले का ते विचारत होते. ते ऐकून अक्का म्हणाल्या, “मराठी होय? मग मला आत घेऊन चला की.”

अक्कांचे मराठी घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे. एका सरकारी कंपनीत वीसेक वर्षे प्रोग्रॅम लिहून झाल्यावर त्यांनी शिकवण्याचा हा उद्योग मांडला. त्या दिवशी त्यांनी खुर्च्या भिंतीला लावल्या, सतरंजी घातली आणि आमचे चार गट केले. एकच मोठी रांगोळी. प्रत्येक गटाने आपल्या कोपऱ्यात, आपल्या पुठ्ठ्यावर तिचा चतकोर काढायचा आणि शेवटी चारही पुठ्ठे जोडायचे. आमचे मॅनेजरसुद्धा बाह्या सरसावून बसले. ठिपके किती, हे सगळ्यांनी विचारून घेतले. दोन ठिपक्यांत अंतर किती, हे मात्र एकानेही विचारले नाही. कोणी बोटभर ठेवले, कोणी चांगले चार बोटे. जोडायला गेलो तर कमळाच्या पाकळीला शेजारच्या पुठ्ठ्यावर देठच सापडेना. अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“आता पुन्हा काढा. पण दोन रेघा झाल्या की पुठ्ठे जोडून बघा. स्वल्प स्वल्प, थोडं थोडं जोडायचं. सरी? कळलं ना?” दुसऱ्या वेळी रांगोळी जुळली. शेवटी एकदम जोडू म्हणून आम्ही महिनोन्‌महिने आपापला कोड लिहीत बसायचो, त्याचे काय होत होते ते आम्हाला न सांगता कळले.

त्या काळात मी बाळंतपणानंतर नुकतीच रुजू झाले होते. झोप नाही, डोके चालत नाही, कामात चूक नाही असा दिवस नाही. अक्कांच्या खेळातही पुठ्ठा मांडीवर घेऊन मी डुलकी काढली. अक्कांनी माझ्या हातातली रांगोळी अलगद काढून घेतली, माझे उरलेले ठिपके स्वतः घातले आणि खाऊच्या डब्यातले कोडबळे, म्हणजे आपली कडबोळीच, माझ्या पुढ्यात ठेवले. “खा आधी. बाळ लहान असताना मीपण अशीच होते,” एवढेच बोलल्या.

पुढे काही महिन्यांनी त्यांचे वर्ग एकाएकी बंद झाले. फोन केला तर म्हणाल्या, “एवढ्या लांब येणं होत नाही गं.” के. आर. पुरमला राहत्या घरी त्यांनी रविवारचा वर्ग सुरू केला आणि आम्ही तिथे जाऊ लागलो.

काही वर्षांनी एका रविवारी आमचे ते मॅनेजर तिथे हजर. नोकरी बदलून ते दुसरीकडे गेले होते, आणि नवी टीम काही केल्या एकत्र काम करीना म्हणून अक्कांकडे आले होते. चहा पिता पिता त्यांनी आपणहूनच सांगून टाकले. “तेव्हा माणसं कमी करायची होती. सगळ्यांत कच्चे कोण, ते खेळात दिसतं. मी अक्कांकडे नावं मागितली. त्या म्हणाल्या, ‘माझ्या खेळात सगळे मिळून जिंकतात नाहीतर सगळे मिळून हरतात, एकट्याचं नाव कुठून देऊ?’ मी रागावून वर्ग बंद केले. नावं नाहीत म्हणून कपात रेंगाळली, मग टळलीच.” मग त्यांनी विचारले, “आता तरी सांगा, कोणाचं नाव दिलं असतं?”

“तुमचंच की,” अक्का म्हणाल्या. “तुमचा एक ठिपका ओळीत नव्हता.”

सगळे हसले, मॅनेजर सर्वांत जास्त. मला हसता आले नाही. ते नाव माझे असते, हे मला पक्के ठाऊक होते; खेळात डुलकी काढणारी मीच. अक्कांनी माझी नोकरी वाचवली, त्यापायी स्वतःचे काम घालवले, आणि इतकी वर्षे मला त्याचा सुगावाही लागू दिला नाही. त्यांचे हे ऋण माझ्याने फिटण्यासारखे नाही, आणि फेडायची घाईही नाही.

आज मी एक टीम सांभाळते. गेल्या आठवड्यात माझ्याकडेही वरून अशीच नावे मागितली गेली. साठीनिमित्तचा हा गौरवग्रंथ अक्कांच्या हाती पडेल तोवर मी उत्तर दिलेले असेल, आणि ते काय असेल हे त्यांच्या शिष्यवर्गाला सांगायला नको.

अक्का, साठी ही तुमच्या हिशेबी सुरुवातच. निरोगी राहा, दीर्घायुषी व्हा, आणि तुमचे हात असेच चालत राहोत. माझ्या उत्तरानंतर मला कदाचित रविवारच नव्हे, बाकीचे वारही मोकळे मिळतील. सतरंजीवर माझी जागा धरून ठेवा.