आमासाठी ऊस: लेस्टर ते कार्डिफ

फेब्रुवारीत सिऊ लिंगचा कार्डिफहून फोन आला. लेस्टरच्या फ्रॅक्चर क्लिनिकमध्ये आम्ही दोघी बारा वर्षं एकत्र नर्स होतो. ती मूळची मलेशियातल्या पेनांगची, हॉकियन बोलणाऱ्या चिनी घरातली. वडील गेल्यावर तिनं आईला इकडे आणलं. तिची मुलं आजीला आमा म्हणतात, म्हणून मीही. आमा दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. आता तिनं एकच मागितलं होतं: चिनी नववर्षाच्या नवव्या दिवशीच्या पूजेला दोन ऊस, शेंड्यासकट, अखंड. कार्डिफमध्ये तसे मिळेनात.

तुळशीच्या लग्नाला मी लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर ज्या दुकानदारांकडून ऊस घेते, त्यांनी ते मागवून दिले. शनिवारी निघाले. बर्मिंगहॅमला ट्रेन बदलायची, एकूण साडेतीनेक तास. तिकीट आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. सहा फुटी ऊस मात्र रॅकवर मावत नाहीत. गार्डनं फिशिंग रॉड आहेत का विचारलं. बर्मिंगहॅमला घाईत चढताना एक ऊस दारात मोडला. पुढचा सेव्हर्न नदीकाठचा सुंदर रस्ता मी धड पाहिलाच नाही.

मोडका ऊस चालत नाही, हे सिऊ लिंगच्या चेहऱ्यावरून कळलं. मग क्लिनिकमध्ये हाडांना करायचो तेच केलं: दोन लांब चॉपस्टिक्सचा आधार देऊन वर लाल रिबीन घट्ट गुंडाळली.

पूजा खरं तर मध्यरात्रीची, पण आमाला जागरण झेपत नाही. म्हणून रविवारी सकाळी बागेत टेबल मांडलं. अननस, उदबत्त्या आणि कासवाच्या आकाराचे लाल केक. चिकट तांदळाच्या पारीत मूगडाळीचं पुरण, थेट मोदकाचा भाऊबंद. आमानं रिबिनीवरून बोटं फिरवली. मी माफी मागितली. मग ती बोलू लागली आणि सिऊ लिंग भाषांतर करू लागली. फार पूर्वी हल्लेखोरांपासून वाचायला त्यांची हॉकियन माणसं चीनमध्ये उसाच्या शेतात लपली होती. स्वर्गाच्या राजाच्या, थी-कोंगच्या, वाढदिवशी, म्हणजे याच नवव्या दिवशी, सुखरूप बाहेर आली.

"जीव घेऊन पळताना त्यांच्याकडूनही ऊस मोडलेच असतील," आमा म्हणाली. "थी-कोंग रागावला नाही."

मग तिच्या आजीबद्दल, चीनहून बोटीतून पेनांगला आलेल्या पणजोबांबद्दल बोलतच राहिली. मध्येच भाषांतर थांबलं. "हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं," सिऊ लिंग म्हणाली.

पेनांगला शाळेत मँडरिन, ऑफिसात इंग्रजी आणि मलय. हॉकियन राहिली ती घराघरांत, बोलणाऱ्यांच्या जिद्दीवर. मला त्या माणसांचा हेवा वाटला. मी माझ्या लेकीशी मराठी बोलणं कधीच सोडून दिलंय.

घरी आल्यावर तिला हा सगळा प्रवास मराठीत सांगितला. तीन-चार शब्द अडले, ते तिनं विचारले.

"मग आमा काय बोलला?" ती म्हणाली.

मी चूक दुरुस्त केली नाही. पुढे सांगत राहिले.